लोहगडवाडीचं पाणी आणि माझ्या सहा काचा

लोणावळ्याला जाऊन चिक्की न आणता परत आले म्हणून घरी अजून बोलणी खाते आहे. पण त्या तीन दिवसांत जे घडलं ते सांगायला लागले की मला थांबताच येत नाही, आणि आई म्हणते, तेच ते किती वेळा ऐकायचं. म्हणून लिहूनच काढते. आमच्या शिरोड्याकडून मावळात जाणारे लोक पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला जातात. मी गेले डिसेंबरात, धबधबे आटल्यावर, आणि माझ्या मांडीवर जेवणाचा एक डबा होता. त्यात जेवण सोडून भलतंच होतं.

डब्यात पाण्यात बुडवून ठेवलेल्या सहा काचा होत्या, बिस्किटाएवढ्या, आणि रुपयाच्या नाण्याएवढी काचेचीच एक चकती. दिसायला अगदी साध्या. पण प्रत्येक काचेवर पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या दाटीवाटीने रोवलेल्या होत्या. एक टोक काचेला पक्कं, दुसरं पाण्यात मोकळं. आमच्या धंद्यात याला ब्रश म्हणतात, मी केस म्हणते. या केसांवर जागोजागी ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, शिवाय त्यांच्या सोबतीला अडकून राहिलेले सोडियमचे आयन आत पाणी ओढून घेतात, त्यामुळे शुद्ध पाण्यात हे केस ताठ उभे राहतात. उभे राहिले की काच इतकी निसरडी होते की बोट ठरत नाही. पाण्यात भरपूर मीठ घातलं की आतली आयनांची गर्दी आणि बाहेरची गर्दी सारखी होते, भारांना एकमेकांची झळ लागत नाही, आणि केस खाली बसतात. निसरडेपणा संपतो. मीठ घातल्यावर हे केस नेमके कसे, किती आणि का बसतात, यात माझी पाच वर्षं गेली. मी मिठागरवाल्यांच्या घरातली, त्यामुळे मिठाशी वैर धरायला मला वेगळं शिकावं लागलं नाही. लहानपणी त्याने पायांना पडलेल्या भेगा अजून आठवतात.

त्या सोमवारी लोणावळ्याच्या एका हॉटेलात आमच्या विषयाच्या लोकांची सभा होती. तिथे तीन परीक्षक ठरवणार होते की माझं काम आणखी दोन वर्षं चालू द्यायचं की बंद करायचं. आदल्या वर्षी त्यांच्या अध्यक्ष बाईंनी, पांढऱ्या केसांच्या आणि अतिशय हळू बोलणाऱ्या, मला एवढंच विचारलं होतं: "शुद्ध पाण्यात छान आहे हे. पण जगात शुद्ध पाणी असतं कुठे?" आणि एका वर्षाची मुदत दिली होती. मी उत्तर तयार केलं होतं. मिठाच्या पाण्यात केस बसतात, साध्या धुण्याने पुन्हा उठतात, हे डोळ्यांसमोर करून दाखवायचं.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. जड पाण्यात, म्हणजे ज्यात कॅल्शियम असतं त्या पाण्यात, माझे केस बसले की पुन्हा उठतच नव्हते. दहादा धुतलं तरी नाही. तो रकाना मी माझ्या तक्त्यातून गुपचूप काढून टाकला होता. त्याबद्दल कुणी विचारू नये, एवढीच प्रार्थना करत मी निघाले.

शनिवार, तळेगाव दाभाडे

सभेच्या दोन दिवस आधी पोचायचं आणि लोहगड चढून घ्यायचा असा माझा बेत होता. तळेगावला उतरले ती आधी बॅटरीच्या दुकानात. प्रयोगशाळेतून पाण्याचे कॅन वाहून आणण्यापेक्षा बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी वाटेत घ्यावं, हा माझा जुना उद्योग आहे. स्टेशनच्या बाजूच्या दुकानात इक्बालभाई नावाचे गृहस्थ होते. त्यांनी कॅन काढता काढता विचारलं, कुठल्या गाडीची बॅटरी. मी म्हटलं, बॅटरी नाही, केस आहेत. ते हसले नाहीत. डबा उघडायला लावला, काचा उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिल्या, आणि मग मला चहा पाजून त्यांच्या धंद्यातलं दुःख सांगितलं. लोक कंटाळा करतात, बॅटरीत नळाचं पाणी ओततात, आणि प्लेटा खराब झाल्या की भांडायला परत दुकानात येतात. तुमच्या काचांना नळाचं दाखवू नका, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. मी मान डोलावली. मला शिकवायला निघालेत, असं मनात म्हटलंही असेन.

तळेगाव मला आवडलं. जुन्या तळ्याकाठची शांत आळी संपते न संपते तोच बारा मजली इमारती सुरू होतात, आणि दोन्हीकडची माणसं एकाच गाडीवर भेळ खातात. आमच्याकडे गाव संपलं की माडच लागतात.

शनिवार संध्याकाळ, लोहगडवाडी

मळवलीहून वाडीपर्यंत जीपने गेले. रस्ता असा की बोलणारा माणूस जीभ चावून घेईल. एका वळणावर डबा समोरच्या दांडीवर आदळला. झाकण चाचपलं, ठीक वाटलं, आणि मी पुन्हा बाहेर बघायला लागले. भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती, पेंढ्याच्या गंज्या उभ्या होत्या, वर विसापूर आणि लोहगड समोरासमोर बसलेले, आणि खाली पवनेचं पाणी उन्हात चकाकत होतं. समुद्र पाहून वाढलेल्या बाईला इतर पाण्यांचं फार कौतुक नसतं, पण त्या संध्याकाळी मी जीपवाल्याला गाडी थांबवायला लावली.

उतरले कमलमावशींकडे. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची टपरी आहे, मागे घर, आणि घरातली एक खोली गडावर येणाऱ्यांना देतात. पन्नाशीच्या, चटपटीत, आणि हातातलं काम न थांबवता बोलणाऱ्या. त्यांचे यजमान सोपानभाऊ तळेगावच्या एका कारखान्यात बॉयलरवर आहेत. त्यांची त्या दिवशी रातपाळी होती, त्यामुळे ते घरी नव्हते.

जेवायला इंद्रायणीचा भात, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा. आमच्याकडे ताटात मासा नसला की जेवण झालं असं कुणी म्हणत नाही, पण तो भात नुसता खाल्ला असता तरी चाललं असतं, इतका वास होता त्याला. वरण लोण्यासारखं शिजलं होतं. मी तसं म्हटल्यावर मावशींनी त्याचं कारण सांगितलं. "डाळीला वरच्या झऱ्याचं पानी घेते मी. बोरच्या पान्यात डाळ शिजत न्हाई. सांजपत्तुर चुलीवर ठिवली तरी दाना तसाच." मग बोरचं पाणी कशाला वापरता, तर ते पाहुण्यांना प्यायला. झऱ्याच्या पाण्यात कधी पान येतं, कधी किडा, शहरातली माणसं तोंड वाकडं करतात. बोरचं कसं, काचेसारखं स्वच्छ. मी हो हो म्हणत तिसऱ्यांदा भात घेतला.

जेवल्यावर राहवेना म्हणून मी त्यांना खेळ करून दाखवला. स्टीलच्या ताटात कॅनमधलं पाणी ओतलं, काच ठेवली, काचेवर चकती. चकतीवरही तेच केस. काचेची एक कड नखाने जराशी उचलली, आणि चकती सुळकन घसरून ताटात गेली. मावशींनी ते स्वतः चार वेळा केलं. मग मी चिमूटभर मीठ टाकलं. काहीच फरक नाही, चकती तशीच घसरली. केसांच्या आत आधीच इतकी गर्दी असते की चिमटीभर मिठाची त्यांना दखलही नसते. मग मूठभर टाकलं. आता काच चांगली तिरपी केली तरी चकती जागची हलेना. स्वच्छ पाण्याने दोनदा धुतलं, पुन्हा घसरली. मावशी खुश. मी त्यांना सांगितलं की हे केस पाण्यात उभे असतात, वाळले तर मात्र काही खरं नाही, यांना कायम पाणी लागतं.

कसलं पाणी, हे सांगायचं राहिलं.

रविवार, लोहगड

सकाळी डबा मावशींच्या फळीवर ठेवून मी गड चढले. पायऱ्या दमवणाऱ्या नाहीत, दरवाज्यामागून दरवाजे लागत जातात आणि प्रत्येक दरवाज्यात वारा वेगळा. विंचूकाट्याकडे जाताना कड्यावरून थोडं उतरावं लागतं, तिथे मी बसत बसत गेले हे कबूल करते. पुढे मात्र ती चिंचोळी लांबच लांब सोंड, दोन्ही बाजूंना खोल दरी, आणि टोकाला उभं राहिल्यावर वाऱ्याने ओढणी गळ्याभोवती अशी आवळली की मी एकटीच मोठमोठ्याने हसत सुटले. उद्या मी जिंकणार याबद्दल मला तिथे उभी असताना तिळमात्र शंका नव्हती. बाईंच्या प्रश्नाला द्यायचं उत्तर मी दरीला दोनदा म्हणूनही दाखवलं. येताना एका बाईकडून तिखटमीठ लावलेली काकडी घेतली आणि खातखात उतरले.

दुपारी बाराला खाली आले तेव्हा फळी ओली होती.

मावशी हसतमुखाने पुढे आल्या. डब्याला तडा गेला होता, सकाळी त्या झाडायला गेल्या तर खाली थेंब थेंब, आणि आत पाणी जवळजवळ संपलेलं. काचा वाळायला लागल्या होत्या. त्यांनी लगेच दुसरा डबा घेतला, काचा त्यात ठेवल्या आणि वरपर्यंत पाणी भरलं. "तू म्हनली व्हतीस ना, मिठाचं चालत न्हाई. म्हनून आदी चाखून बगितलं मी. आजाबात खारट न्हाई."

मी विचारलं, कुठलं पाणी.

"बोरचं. पाव्हन्यांना देतो तेच."

कॅल्शियम जिभेला खारट लागत नाही. चांगलं जड पाणी चवीला गोडच लागतं. मी काच ताटात ठेवली, वर चकती ठेवली, कड उचलली. चकती हलली नाही. आणखी उचलली, तरी नाही. सहाही काचा तशाच. कॅल्शियमच्या प्रत्येक आयनाला दोन भार असतात, म्हणजे समजा दोन हात. एका हाताने हा केस धरतो, दुसऱ्या हाताने शेजारचा, आणि सगळे केस एकमेकांत बांधून खाली दाबून टाकतो. गेलं वर्षभर मी ज्याच्यापासून तोंड लपवत होते तेच नेमकं माझ्या सहाच्या सहा काचांवर बसलं होतं. नवीन काचा करायला तीन आठवडे लागतात. माझ्याकडे एक रात्र होती.

मी मावशींना वाट्टेल ते बोलले. हात लावायला कुणी सांगितलं होतं, असल्या अडाणीपणाने माझी पाच वर्षं पाण्यात गेली, असं काय काय. माझा राग हा असाच आहे, येतो तेव्हा समोर कोण आहे ते बघत नाही. मावशी आत जाऊन चुलीपाशी बसल्या. त्यांची पाठ मला दिसत होती, आणि ती दिसत असूनही मी आणखी दोन वाक्यं बोलले. ती दोन वाक्यं मला आजही आठवतात, इथे लिहीत नाही.

मग कॅनमधलं पाणी घेऊन धुवत सुटले. एकदा, दोनदा, पाच वेळा. कॅनच्या तळाशी अर्धा लिटर राहिलं तेव्हा हात थांबवला. चकती जागच्या जागी.

सोपानभाऊ सकाळी पाळीवरून येऊन झोपले होते, ते माझ्या आवाजाने उठले असणार. तोंड धुऊन, बनियनवरच बाहेर आले आणि ओट्यावर माझ्या शेजारी बसले. काय झालं ते त्यांनी शांतपणे विचारून घेतलं. बोरचं पाणी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

"मग मीठ मारलं का न्हाई?"

मला हसू आलं, चांगलं नव्हे. मिठानेच तर हे केस मरतात भाऊ, पाच वर्षं त्यावरच काम करते मी, असं त्यांना सुनावलं. ते म्हणाले, तुमच्या केसांचं मला ठाऊक नाही, पण आमच्या टाकीचं ठाऊक आहे. बॉयलरला जड पाणी चालत नाही, नळ्यांत क्षारांचा थर धरतो. म्हणून बोरचं पाणी आधी एका उंच टाकीतून जातं. त्या टाकीत मोहरीएवढे पिवळे मणी भरलेले असतात, ते पाण्यातला जडपणा धरून ठेवतात. भाऊ दर दोन तासांनी पाण्याचा नमुना घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकतात. निळं झालं तर पाणी ठीक. लाल झालं की मणी भरले, त्यांना आणखी धरवत नाही. मग काय करायचं?

"ते मनी निस्त्या पान्यानं कितीबी धुवा, सुटत न्हाई. मीठ लागतं. घट्ट मिठाचं पानी सोडायचं, अर्दा तास मुरू द्यायचं, मंग ते मीठ धुवून काडायचं. निळं होतंय. तेवीस वरसं करतोय मी."

मी उठून उभी राहिले. ते पिवळे मणी म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, भार असलेल्या पॉलिमरच्या साखळ्याच आहेत, माझ्या केसांचेच सख्खे चुलतभाऊ. हे मी बारावीत पाठ केलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. कॅल्शियमला दोन हात असले तरी भोवती सोडियमची एवढी झुंबड उडवून दिली की त्याला धरून राहणं परवडत नाही, तो सुटतो आणि त्याची जागा सोडियम घेतं. मग सोडियमचं जास्तीचं मीठ साध्या पाण्याने निघून जातं. मीठ हे माझ्या लेखी शत्रू ठरलेलं होतं, म्हणून पाच वर्षांत एकदाही मी ते औषध म्हणून हातात घेतलं नाही. शुद्ध पाणी, आणखी शुद्ध पाणी, एवढंच करत बसले.

मी आत धावले. मावशींसमोर जाऊन मीठ मागायला जी काही लाज लागते ती सगळी मला वाटली. त्यांनी खड्या मिठाची बरणी पुढे केली. ते चालणार नव्हतं. मिठागरात वाढल्यामुळे मला पक्कं माहीत आहे की खड्या मिठात कडवट मॅग्नेशियम उरलेलं असतं, आणि मॅग्नेशियमलाही दोनच हात. मी सरबताचं बारीक मीठ आहे का विचारलं. त्यांनी पुडी दिली. भाऊंनी पातेल्यात कॅनमधल्या थोड्या पाण्यात ती विरघळवली, तळाशी मीठ उरेपर्यंत घट्ट. काचा आणि चकती आत सोडल्या, आणि आम्ही घड्याळ बघत बसलो.

आता धुवायचं कशाने? बोरचं तर शक्यच नव्हतं. कॅनमध्ये आता अर्धा लिटरही नव्हतं. तेवढ्यात मावशी बाहेर आल्या, हातात संध्याकाळच्या डाळीसाठी भरून ठेवलेला झऱ्याच्या पाण्याचा हंडा. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि परत आत गेल्या. त्या हंड्याने मी काचा चार वेळा धुतल्या, शेवटचं पाणी कॅनमधलं वापरलं. ताटात पहिली काच ठेवली. वर चकती. कड भाऊंनी उचलली.

चकती सुळकन ताटात गेली.

मी ओरडले असणार, कारण शेजारच्या टपरीवरची माणसं बघायला आली. दुसरी काच, तिसरी, पाचही घसरल्या. सहावी वाळून गेली होती, तिच्यावर काही उपाय चालला नाही. भाऊ पुन्हा पुन्हा कड उचलून बघत होते. "म्हंजी आमच्या त्या मन्यात असले केस हायेत?" मी म्हटलं, अगणित. तेवीस वर्षं ज्या टाकीत मीठ सोडलं तिच्या आत काय चालतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं तेव्हा तुला काय करायचंय असं उत्तर मिळालं होतं. मग मी ओट्यावर खडूने काढून काढून सगळं सांगितलं. इतका चांगला विद्यार्थी मला आजवर मिळालेला नाही.

तेव्हाच मला डाळीचंही लक्षात आलं. डाळीच्या दाण्यातही भार असलेल्या साखळ्या असतात, बोरच्या पाण्यातलं कॅल्शियम त्या बांधून ठेवतं, म्हणून दाणा उकलत नाही. आदल्या संध्याकाळी मावशींनी मला माझाच प्रश्न उत्तरासकट सांगितला होता आणि मी भात वाढून घेत होते.

मी चुलीपाशी जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, अडाणी मी आहे. तुम्ही काल सगळं सांगितलंत, माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी बोलले ते फार वाईट बोलले."

त्यांनी भाकरी उलटली. "लागलं मला ते," त्या म्हणाल्या. "लय लागलं. आता जेव आदी, सकाळधरनं काकडीवर हायेस."

त्या रात्री वरण नव्हतं, कारण डाळीचं पाणी मी काचा धुण्यात संपवलं होतं. पिठलं होतं. मी ते खाल्लं आणि शांत झोपले.

सोमवार, लोणावळा

निघताना मी मावशींना बोरच्या पाण्याची एक बाटली मागितली. त्या पाण्याला आता मी हात लावायची नाही, म्हणाल्या, म्हणून मीच भरून घेतली. भाऊंची त्या दिवशी सुट्टी होती. त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून, डबा पोटाशी धरून मी लोणावळ्यात शिरले. रस्त्याच्या दुतर्फा चिक्कीची दुकानं, दर दहा पावलांवर नवी पाटी, आणि प्रत्येक पाटीवर हेच खरं जुनं दुकान. मी फक्त गॅरेजपाशी थांबले आणि बॅटरीचं पाणी घेतलं. भाऊ फाटकावरूनच परत जायला निघाले होते. मी त्यांना आत नेलं आणि शेवटच्या रांगेत बसवलं.

मूळ बेत सोपा होता. शुद्ध पाण्यात घसरवायचं, मिठात थांबवायचं, धुऊन पुन्हा घसरवायचं, टाळ्या घ्यायच्या. तेवढं दाखवलं असतं तरी कदाचित भागलं असतं. पण मोटरसायकलवर मी ठरवून टाकलं होतं. मीठ, केस, भार हे सगळं पाच मिनिटांत सांगितलं आणि मग बोरच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. लोहगडवाडीचं पाणी, म्हटलं, पिण्याचं. घसरणारी काच त्यात बुडवली, चकती थांबली. बाईंना विनंती केली की तुम्ही स्वतः शुद्ध पाण्याने हवी तेवढी धुवा. त्या उठल्या, बाह्या सारून नीट तीन वेळा धुतली. चकती हलली नाही.  हा उतारा मी आयुष्यात एकदाच केला होता, तोही सरबताच्या मिठाने.

मग मीठ. पहिल्या रांगेतलं कुणीतरी हसलं. अर्धा तास मुरवायचं होतं, तोवर मी बोलत राहिले, आणि बोलता बोलता तेही बोलून गेले जे बोलायचं नव्हतं. गेल्या वर्षी जड पाण्यातले आकडे माझ्याकडे होते, म्हटलं, आणि मी ते दाखवले नाहीत. काच मिठातून काढली, धुतली, ताटात ठेवली, वर चकती ठेवली. कड बाईंनी उचलली.

घसरली. बाईंनी ती परत ठेवून पुन्हा उचलली. पुन्हा घसरली.

"तुझ्या तक्त्यात सोडियम होतं, पोटॅशियम होतं, आणि कॅल्शियमचा रकाना नव्हता," त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून तर पाण्याचं विचारलं होतं मी. हे सुचलं कसं तुला?"

अभ्यास करताना सुचलं, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. खोटं का सांगू. पण मी शेवटच्या रांगेकडे बोट केलं आणि म्हटलं, मला नाही सुचलं, यांना माहीत होतं.

सोपानभाऊ उभे राहिले. त्यांनी टाकी, मणी, लाल आणि निळं, सगळं सांगितलं, मला सांगितलं त्यापेक्षाही नीट. बाईंनी कागद ओढला आणि एकच प्रश्न विचारला, असं किती वेळा करता येतं, दर वेळी थोडी ताकद कमी होते की नाही. माझ्या दोन वर्षांचं सगळं भवितव्य त्या प्रश्नात होतं. माझा अनुभव कालच्या दुपारचा.

"व्हती की," भाऊ म्हणाले. "पन लय हळू. मिठात गडबड केली तर लवकर. मुरायला येळ दिला तर आमचा एकच माल सात वरसं चाललाय. आमी लिवून ठिवतो ना, कितव्या तासाला लाल झालं ते. वह्या हायेत माझ्याकडं."

बाईंनी बाकीच्या दोघांकडे पाहिलं. त्यांनी माना हलवल्या. "दोन वर्षं घे," त्या मला म्हणाल्या. "पहिलं काम, या वह्या वाचायच्या." एवढं बोलून त्या टेबलाला वळसा घालून शेवटच्या रांगेत गेल्या, भाऊंच्या शेजारची खुर्ची ओढली आणि पेन उघडलं. पाठोपाठ बाकीचे दोघे, मग पहिल्या रांगेतला तो हसणारासुद्धा. भाऊ हवेत हातांनी टाकी काढून दाखवत होते, आणि झडप कुठे असते ते कुणीतरी दोनदा विचारत होतं.

मी ताटातलं पाणी ओतून काचा डब्यात भरत होते. माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं, आणि जन्मात पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही.